क्रोशाचा पहिला मफलर आणि त्यानंतरची शाल

सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत क्रोशाची सुई असतेच. टीपॉयवरचा रुमाल, दारावरचं तोरण, रुखवतात मांडायचे गोल नमुने, हे सगळं त्या बारीक पोलादी सुईनं आणि पांढऱ्या दोऱ्यानं केलेलं असतं. मफलर विणायचा म्हटलं की तीच सुई डब्यातून बाहेर निघते आणि पहिली चूक तिथेच होते. ती सुई एक-दीड मिलिमीटर जाडीची असते. मफलरच्या लोकरीला चार ते सहा मिलिमीटरची लागते. बारीक सुईच्या आकडीत लोकर मावत नाही, तिचे पदर सुटे होतात आणि विणलेला तुकडा पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. गळ्याभोवती तो गुंडाळताही येत नाही.

या लेखात आधी १८ सेंटिमीटर रुंद आणि १६० सेंटिमीटर लांब असा साधा मफलर आहे, मग त्रिकोणी शाल. दोन्हींना मिळून चारच टाके लागतात. पहिला मफलर वाकडा होतो तो हात कच्चा असल्यामुळे नव्हे, टाके न मोजल्यामुळे. हे एवढं पक्कं धरलं तर बाकीचं हाताला आपोआप वळण लागत जातं.

सुई

५ मिलिमीटरची एक आणि ५.५ किंवा ६ ची एक, अशा दोन सुया घ्या. ॲल्युमिनियमची सुई नवशिक्यांना सर्वात सोयीची, कारण लोकर तिच्यावरून सहज सरकते. बांबूच्या सुईवर लोकर जरा अडते. ज्यांच्या हातून फास सारखा निसटतो त्यांना ते बरंच पडतं. दुकानात नंबर विचारू नका, मिलिमीटर विचारा. दोन सुयांच्या विणकामाचे जुने नंबर उलटे चालतात: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. दोऱ्याच्या पोलादी सुयांचे नंबर आणखी वेगळे, आणि त्यातही मोठा नंबर म्हणजे बारीक सुई. या घोळात चुकीची सुई घरी येते.

घेण्यापूर्वी सुईची आकडी ओढणीवर हलकेच फिरवून बघा. कुठे धागा अडकला तर ती सुई ठेवून दुसरी घ्या. तिथे राहिलेली बारीकशी कोर पुढे प्रत्येक टाक्याला लोकर फाडत राहते.

याशिवाय बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, कात्री, टेप आणि पाच-सहा सेफ्टी पिना. स्वयंपाकघरात वजनाचा डिजिटल काटा असेल तर तोही जवळ ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

लोकर

पहिल्या मफलरसाठी मध्यम जाडीची साधी ॲक्रिलिक लोकर घ्या. वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावं दुकानात सहसा दिसतात. पण एकाच कंपनीच्या लोकरीतही पाच प्रकारच्या जाड्या असतात, म्हणून नावापेक्षा जाडी बघा. ती बघायची सोपी रीत अशी: पट्टीवर लोकर शेजारी-शेजारी गुंडाळा, ओढून नाही आणि एकमेकींवर चढवून नाही. एका इंचात ८ ते १० वेढे बसले तर ५ मिलिमीटरची सुई योग्य. ११ ते १४ बसले तर लोकर बारीक आहे, तिला ४ ची सुई. ७ च्या खाली आले तर ती जाड, तिला ६.५ किंवा त्याच्या वरची.

रंग फिका घ्या: लिंबू, आकाशी, फिकट गुलाबी. काळ्या आणि गडद निळ्या लोकरीत टाक्याचं तोंड दिसत नाही, आणि नवख्या माणसाला ते दिसणं फार गरजेचं आहे. फर असलेली किंवा केसाळ लोकर पहिल्यांदा अजिबात नको. ती विणताना टाके दिसत नाहीत आणि उसवताना गुंता होतो.

लेबलवर लॉट नंबर असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या. दुकानातल्या दिव्याखाली दोन लॉट सारखे वाटतात, उन्हात मफलरवर सरळ रेघ दिसते. नाइलाजानं वेगळे लॉट घ्यावे लागलेच, तर दोन ओळी एका गुंड्याच्या आणि दोन ओळी दुसऱ्याच्या असं आलटून-पालटून विणा, म्हणजे फरक विरून जातो.

लोकर लडीत मिळाली तर आधी गुंडा करा. खुर्चीच्या पाठीवर लडी अडकवून, दोन बोटं मध्ये ठेवून सैल गुंडाळायची. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेली राहते. तशीच विणली तर पहिल्या धुण्यात ती पूर्वपदावर येते आणि मफलर आखूड होतो.

इथे एक प्रश्न हमखास निघतो. माण, खटाव, आटपाडी, जत भागात धनगरांची मेंढरं आहेत, मग तीच लोकर का नको? दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि दणकट असते. घोंगडीसाठी तिला तोड नाही. सनगर विणकर तिच्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन मागावर घालतात, आणि पाऊस झेलायला तशीच वीण लागते. पण मानेच्या कातडीला ती टोचते. हातकताईचं असं सूत मिळालं तर क्रोशानं त्याचं आसन किंवा पिशवी करा, फार देखणी होते. गळ्यासाठी नको.

कुठली लोकर हे तुमच्या गावावरही ठरतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. वेण्णा तलावाकाठी थंडीत दवबिंदू गोठतात. तिथे आणि पाचगणीला मध्यम जाडीची लोकर आणि भरीव वीण हवी. सांगली-मिरजेकडे थंडी सकाळ-संध्याकाळची, म्हणून बारीक लोकर आणि जाळीदार वीण पुरते. सुती धाग्याची स्टोलही तिकडे चालते, मात्र सूत लोकरीपेक्षा जड असतं आणि त्याला ताण नसतो. सुती स्टोल वजनानं लांब होत जाते, म्हणून ठरवलेल्या मापापेक्षा पाच-सात सेंटिमीटर आखूड विणा.

हात आणि चार टाके

उजव्या हातात सुई पेन्सिलीसारखी किंवा सुरीसारखी धरा, दोन्ही बरोबर. डाव्या हाताच्या करंगळीभोवती लोकरीचा एक वेढा, मधल्या दोन बोटांखालून, मग तर्जनीवरून. तर्जनी थोडी उभी राहिली की लोकर ताणात राहते. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट विणलेला भाग सुईजवळ धरतात. काम पुढे गेलं की दर तीन-चार टाक्यांनी ही चिमूट पुढे सरकवायची. ती मागेच राहिली की टाके लांबट आणि सैल होतात. डावखुऱ्यांनी हे सगळं आरशात पाहिल्यासारखं उलट करायचं.

साखळी: सरकगाठ सुईवर घ्या, सुईवर लोकरीचा वळसा घ्या, तो आकडीत धरून फासातून बाहेर ओढा. झाली एक साखळी. सुईवरचा फास आणि सुरुवातीची गाठ कधीच मोजायची नाही. हे मोजल्यामुळे निम्म्या मफलरांचा हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो.

मुका खांब: सुई टाक्यात घाला, लोकर ओढून आणा, सुईवर दोन फास होतील. वळसा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. बुटका, घट्ट टाका.

खांब: आधी सुईवर वळसा, मग सुई टाक्यात, लोकर ओढून आणली की तीन फास. वळसा घेऊन दोनातून काढा, दोन राहतील. पुन्हा वळसा घेऊन दोनातून काढा. मफलर आणि शाल दोन्हींचा हा मुख्य टाका.

सरकता टाका: सुई टाक्यात घालून लोकर ओढा आणि ती तशीच सुईवरच्या फासातूनही काढा. हा फक्त जोडायला लागतो.

मागच्या ओळीच्या टाक्याच्या माथ्यावर दोन पदर आडवे दिसतात, इंग्रजी व्ही आडवा ठेवल्यासारखे. सुई या दोन्ही पदरांखालून घालायची. फक्त एकाखालून घातली तर ओळीगणिक आडवी रेघ उठते. तशी नक्षी मुद्दाम करतात, पण नकळत कधी एक पदर तर कधी दोन असं झालं तर कापड ओबडधोबड दिसतं.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. अमेरिकन पद्धतीत सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब आणि डबल क्रोशे म्हणजे खांब. ब्रिटिश पद्धतीत मुक्या खांबालाच डबल क्रोशे म्हणतात आणि खांबाला ट्रेबल. नमुन्यात सिंगल क्रोशे हा शब्द आला की तो अमेरिकन समजा, ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच वापरत नाहीत. हे न कळल्यामुळे शालीच्या जागी तिच्या निम्म्या उंचीचा घट्ट पट्टा तयार होतो.

आधी तुकडा, मग मफलर

हे कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. २२ साखळ्या घालून १५ सेंटिमीटर उंचीचा चौकोन खांबांनी विणा. मधल्या १० सेंटिमीटरमध्ये टाके मोजा. ५ च्या सुईनं मध्यम लोकरीचे १३ ते १४ खांब आणि उंचीत सात-आठ ओळी येतात. १६ किंवा जास्त खांब आले तर तुमचा हात घट्ट आहे, ५.५ ची सुई घ्या. ११ आले तर सैल आहे, ४.५ ची घ्या. हात बदलायच्या मागे लागू नका, सुई बदला. जबरदस्तीनं सैल विणलेल्या दहा ओळींनंतर हात मूळ सवयीवर येतो आणि मफलरचा आकार बदलतो.

आता काटा. हाच तुकडा तोला. समजा १५ बाय १५ म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटरचं वजन ११ ग्रॅम भरलं. मफलर १८ गुणिले १६० म्हणजे २८८० चौरस सेंटिमीटर. २८८० भागिले २२५ म्हणजे १२.८. त्याला ११ नं गुणलं की १४१ ग्रॅम. वरती दहा टक्के, म्हणजे १५५. गोंड्यांना १५ ग्रॅम. एकूण १७०. म्हणजे २०० ग्रॅम घेतली की निर्धास्त. हाच हिशेब कुठल्याही लोकरीला आणि कुठल्याही विणीला लागू पडतो. १० सेंटिमीटरचा छोटा तुकडा तोलू नका. घरचा काटा ग्रॅमच्या खाली दाखवत नाही आणि पाच ग्रॅममध्ये एका ग्रॅमची चूक फार मोठी होते.

मफलर

१५ सेंटिमीटर टोक सोडून सरकगाठ मारा. मोठ्या सुईनं, म्हणजे ५.५ किंवा ६ नं, २६ साखळ्या घाला. सुरुवातीच्या साखळ्या सगळ्यांच्याच घट्ट होतात आणि घट्ट साखळीवर सैल खांब आले की मफलरचं खालचं टोक चुण्या पडून आत आवळलं जातं. मोठी सुई हे आवळणं टाळते. साखळी झाली की ५ ची सुई घ्या.

सुईपासून तीन साखळ्या सोडून चौथीत पहिला खांब. मग पुढच्या प्रत्येक साखळीत एक. शेवटी २३ खांब होतील. सोडलेल्या तीन साखळ्या मिळून एका खांबाएवढ्या उंच उभ्या राहतात, तोच चोविसावा. या तीन साखळ्यांतल्या सर्वात वरच्या साखळीत सेफ्टी पिन अडकवून ठेवा.

दुसरी ओळ: तीन साखळ्या घाला आणि काम उलटवा. या तीन साखळ्या म्हणजे या ओळीचा पहिला खांब. म्हणून साखळ्यांच्या अगदी बुडाशी असलेला टाका सोडायचा आणि त्याच्या पुढच्यात खांब घालायचा. ओळीच्या शेवटी, शेवटचा खांब मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या माथ्यात, जिथे पिन आहे तिथे. मोजा: चोवीस.

एवढंच करत १२० ओळींच्या आसपास जायचं. दर ओळीला नवीन तीन साखळ्यांच्या माथ्यावर पिन हलवायची. नवख्या हाताला एका ओळीला दहाएक मिनिटं लागतात, म्हणजे वीस तासांचं काम. रोज तासभर बसलं तर तीन आठवड्यांत मफलर होतो. दिवाळीनंतर सुरू केला तर ऐन थंडीत गळ्यात येईल.

कडा

क्रोशात सर्वात जास्त रडवतात त्या कडा. त्याबद्दल जरा सविस्तर.

मफलर हळूहळू अरुंद होत चालला, तर ओळीच्या शेवटचा खांब तुम्ही विसरताय. मागच्या ओळीच्या तीन साखळ्या टाक्यासारख्या दिसत नाहीत, कडेला जाड दोऱ्यासारख्या चिकटलेल्या असतात, म्हणून डोळा त्यांना ओलांडून जातो. दहा ओळींत दहा टाके जातात. पिन ठेवायला सांगितली ती याच्यासाठी.

मफलर रुंद होत चालला, तर ओळीच्या सुरुवातीला, तीन साखळ्यांच्या बुडाशी असलेल्या टाक्यातच तुम्ही खांब घालताय. तीन साखळ्या एक खांब आणि हा दुसरा, असा दर ओळीला एक टाका वाढतो.

सर्वात फसवी चूक म्हणजे दोन्ही एकदम होणं. सुरुवातीला एक वाढतो, शेवटी एक सुटतो, आकडा बरोबर चोवीस येतो. टाके बरोबर असूनही कडा वेड्यावाकड्या, भोकं पडलेल्या राहतात. म्हणून मोजण्याबरोबर पिनेच्याच जागी शेवटचा खांब जातोय ना, हेही बघायचं.

सगळं बरोबर असूनही कडेला लांबट भोक दिसतं ते तीन साखळ्या खांबापेक्षा बारीक असल्यामुळे. ते खुपत असेल तर दुसरी रीत वापरा. वळताना दोनच साखळ्या घाला आणि त्या टाक्यात धरूच नका. बुडाशी असलेल्या पहिल्याच टाक्यात खांब घाला आणि ओळीच्या शेवटी साखळ्यांच्या माथ्यात काहीही घालू नका. प्रत्येक ओळीत खरेखुरे चोवीस खांब येतात. आमच्या मते नवशिक्यांना हीच रीत जास्त सुटसुटीत आहे. पहिली सांगितली कारण बहुतेक नमुने तिच्यावरच लिहिलेले असतात आणि ती समजल्याशिवाय पुढचे नमुने वाचता येत नाहीत. मात्र एका मफलरमध्ये एकच रीत चालवा.

टाके चोवीसच आहेत, तरी मफलर मधे रुंद झाला? सुरुवातीला हात आखडलेला असतो, तीस ओळींनंतर तो सैलावतो. म्हणून दर वीस ओळींनी टेप लावा. एक सेंटिमीटरचा फरक चालतो, त्यापेक्षा जास्त असेल तर अर्ध्या मिलिमीटरनं लहान सुई घ्या.

चूक सापडली की उसवा. क्रोशात सुईवर एकच फास असतो. दोन सुयांच्या विणकामासारखे पन्नास टाके निसटायची भीती इथे नसते. सुई काढा, लोकर ओढत चुकीच्या टाक्यापर्यंत जा, फास सुईवर घ्या आणि पुढे चला. चूक झाकायला पुढच्या ओळीत एक टाका गुपचूप वाढवू नका. ती गाठ तिथे कायम दिसत राहते.

नवा गुंडा, टोकं, गोंडे

शक्यतो ओळीच्या शेवटी नवी लोकर जोडा. शेवटच्या खांबाचे दोन फास सुईवर उरले असताना जुनी लोकर सोडून नवीन लोकरीचा वळसा घ्या आणि तो दोन्हींतून काढा. दोन्ही टोकं १५-१५ सेंटिमीटर मोकळी ठेवा. गाठ मारू नका. गाठ घसरून उलट्या बाजूला फुगवटा करते आणि ॲक्रिलिक गुळगुळीत असल्यामुळे ती सुटतेही. विणताना गुंड्यातच कंपनीची गाठ आढळली तर ती कापून टाका आणि नव्यानं जोडा.

टोकं बोथट सुईनं लपवायची. पाच सेंटिमीटर एका दिशेला टाक्यांच्या बुडातून, मग एक पदर सोडून उलट दिशेला, मग पुन्हा पहिल्या दिशेला. एकाच दिशेला ओढलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं.

गोंड्यांसाठी १५ सेंटिमीटर उंच पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळा आणि एका बाजूनं कापा, ३० सेंटिमीटरचे सारखे धागे मिळतात. तीन धागे एकत्र दुमडा, सुईनं दुमड कडेच्या टाक्यातून ओढा, मोकळी टोकं तिच्यातून घालून आवळा. एक टाका सोडून एक, असे प्रत्येक टोकाला १२ गोंडे बसतात. शेवटी टेबलावर पसरून कात्रीनं एका रेषेत करा.

गोंड्याचा लांब मफलर दुचाकीवर मोकळा सोडू नका. ओढणी चाकात जाते तसाच तोही जातो. उन्हात तोंड बांधायचा स्कार्फ म्हणूनही क्रोशाचं काम उपयोगी नाही, धूळ सरळ आत येते. लहान मुलांच्या मफलरला गोंडे लावूच नका.

त्रिकोणी शाल

ही शाल मानेच्या मध्यावर सुरू होते आणि खाली वाढत जाते. त्यामुळे हवी तिथे थांबता येतं, आणि नवशिक्यांना चौकोनी शालीपेक्षा ती सोपी जाते. लांब साखळी घालावी लागत नाही आणि कडेची ती डोकेदुखीही जवळपास नसते. सुई ५.५ ची, मध्यम लोकर ३०० ते ३५० ग्रॅम.

सुरुवात: ४ साखळ्या घालून पहिल्या साखळीत सरकत्या टाक्यानं जोडा. छोटं कडं तयार होतं. पुढचे खांब कड्याच्या पोटात घालायचे, साखळ्यांत नव्हे.

ओळ १: ४ साखळ्या (यातल्या तीन म्हणजे एक खांब, चौथी मोकळी), कड्यात ३ खांब, २ साखळ्या, कड्यात ३ खांब, १ साखळी, कड्यात १ खांब. उलटवा. मधल्या २ साखळ्यांची जागा हा शालीचा कणा, तिथे पिन लावा.

ओळ २: ४ साखळ्या, लगेचच्या पोकळीत (मागच्या ओळीच्या मोकळ्या साखळीखालच्या जागेत) ३ खांब, १ साखळी, कण्याच्या पोकळीत ३ खांब, २ साखळ्या, तिथेच आणखी ३ खांब, १ साखळी, शेवटच्या पोकळीत ३ खांब, १ साखळी, सुरुवातीच्या ४ साखळ्यांपैकी खालून तिसरीत १ खांब. उलटवा.

ओळ ३ आणि पुढे: दुसऱ्या ओळीसारखंच. फक्त मधे जिथे-जिथे एका साखळीची पोकळी येईल तिथे ३ खांब आणि त्यापुढे १ साखळी.

तपासायची युक्ती सोपी आहे. तीन खांबांचा एक घोस धरला, तर ओळीच्या आकड्याच्या दुप्पट घोस हवेत. पाचव्या ओळीत १०, विसाव्या ओळीत ४०. कण्याच्या दोन्ही बाजूंना घोस सारखे असले पाहिजेत. एका बाजूला एक कमी पडला की कणा तिरका जातो आणि शाल एका खांद्यावरून घसरते.

४० ओळी झाल्या की वरची कड सुमारे १५५ ते १६० सेंटिमीटर आणि मधली उंची ८० च्या आसपास येते. साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर घ्यायला हे पुरे. ज्येष्ठांना गुडघ्यापर्यंत हवी असेल तर ४८ ओळी घाला.

लोकर पुरेल का, हा शालीतला खरा प्रश्न. ओळ दर वेळी मोठी होत जाते, म्हणून २० व्या ओळीला निम्मी शाल होत नाही, जेमतेम पाव होते. ४० ओळींच्या शालीत निम्मी लोकर २८ व्या ओळीला संपते. त्या ओळीला थांबून उरलेली लोकर तोला. निम्म्याहून कमी असेल तर ३६ ओळींवर थांबायचं आत्ताच ठरवा, किंवा तोच लॉट दुकानात उरलाय का ते बघा. शेवटच्या ओळी एकेक करून बारा-पंधरा ग्रॅम घेतात. प्रत्येक ओळ सुरू करण्याआधी गुंडा तोला. मागच्या ओळीला लागली त्याहून तीन-चार ग्रॅम जास्त शिल्लक नसेल तर ती ओळ सुरू करू नका.

वरच्या सरळ कडेवर मुक्या खांबांची एक ओळ नक्की घाला, नाहीतर वापरात ती कड ताणून लोंबते. प्रत्येक ओळीच्या टोकाशी जी पोकळी दिसते तिच्यात तीन मुके खांब. कडेला लहरी पडायला लागल्या तर मधूनमधून दोनच. कड आवळली जात असेल तर सुई मोठी घ्या.

धुणं आणि ठेवणं

ॲक्रिलिकला इस्त्री कधीही टेकवू नका. तो धागा प्लॅस्टिकच्याच जातीचा आहे. गरम इस्त्रीखाली टाके वितळून चपटे, चकचकीत होतात आणि ते पुन्हा फुलत नाहीत. सपाट करायची असेल तर ओली करून टॉवेलवर मापात पसरा आणि वाळू द्या. किंवा वाफेची इस्त्री पाच सेंटिमीटर वरून फिरवा, कापडाला न टेकवता.

खरी लोकर असेल तर कोमट पाणी, रिठ्याचा फेस, दहा मिनिटं बुडवून ठेवणं, बस्स. चोळायची नाही, गरमातून एकदम गार पाण्यात टाकायची नाही. त्यानं लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात आणि शाल नमद्यासारखी आटते. ती परत मूळ आकारात येत नाही. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी पसरा. ओली शाल दोरीवर टाकली की पाण्याच्या वजनानं हातभर लांब होते.

ठेवताना घडी करा, हँगरवर लटकवू नका. कसर लागते ती खऱ्या लोकरीला. तिच्या घडीत डांबरगोळ्या कागदात गुंडाळून किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. ॲक्रिलिकला कसर लागत नाही, पण ओल मात्र दोन्हींना बाधते. वाई, मेढा, महाबळेश्वरकडच्या पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेल्या शालीला कुबट वास येतो. म्हणून मृगाच्या आधी एक दिवस वाऱ्यावर टाकून पूर्ण कोरडी करा, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधा आणि कपाटाच्या भिंतीकडच्या कप्प्यात न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवा. दसऱ्याला काढली की सावलीत तासभर पसरा, मगच अंगावर घ्या.